फिनलंडचे बिनपगारी राजदूत

कुणी 'फिनिश जेवण' हे दोन शब्द हसत उच्चारले, की राजदूत हातातली ताटली खाली ठेवत. मग तिच्यात काहीही असो. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या ताटलीत तूप सोडलेली गरम गुळपोळी होती. शेजारच्या कुणीतरी सहज म्हटलं, की फिनलंडमध्ये खायला मिळतं काय, बटाटे आणि बर्फ. राजदूतांनी ताटली टेबलावर ठेवली, बोटं रुमालाला पुसली आणि बटाटा तिथे पोचण्याआधी ती माणसं सलगम कसा शिजवत, इथपासून सुरुवात केली. ते थांबले तेव्हा पोळीवरचं तूप थिजून पांढरं झालं होतं. ती त्यांनी तशीच, मोठ्या समाधानाने खाल्ली.

राजदूत मूळचे पुण्याचे. उत्तर फिनलंडमधल्या एका गावात मोबाईल बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी अकरा वर्षं काढली, आणि तिथलं काम बंद पडल्यावर ते चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आइंडहोवनला आले. फिनलंडने त्यांना नेमलं नव्हतं, पगार दिला नव्हता, आणि असा कुणी आपल्या वतीने भांडतो आहे याची त्या देशाला कल्पनाही नसावी. 'राजदूत' हे नाव मंडळाच्या अध्यक्ष उल्काताईंनी वैतागून ठेवलं होतं. त्यांनी ते नेमणूकपत्रासारखं स्वीकारलं. पुढे पुढे ते फोनवरही 'हं, राजदूत बोलतोय' असंच म्हणायचे.

मी लग्न होऊन आइंडहोवनला आले आणि दोन महिन्यांत जग बंद झालं. निनाद, माझा नवरा, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिवसभर मीटिंगमध्ये असायचा. मी पुण्यातली नोकरी सोडून आले होते, आणि घरून फोन आला, की काय करतेस या प्रश्नाला 'काही नाही, घरीच असते' हे माझं ठरलेलं उत्तर होतं. एका दुपारी दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली दिसली. आत स्टीलचा डबा, डब्यात गरम वाटाण्याचं सूप आणि वर चिठ्ठी: 'आज गुरुवार.' आमच्या वरच्याच मजल्यावर राजदूत राहायचे; मला वाटलं, त्यांच्याकडे दत्ताचा प्रसाद असेल. मी डबा कपाळाला लावला.

आभार मानायला फोन केला तेव्हा कळलं, की फिनलंडमध्ये गुरुवारी वाटाण्याचं सूप असतंच. शाळेत, कारखान्यात, सैन्याच्या बराकीतसुद्धा. निनाद मागून म्हणाला, की असं सूप तर डच लोकही करतात. ते फोनमधून वर ऐकू गेलं. दोन मिनिटांत राजदूत जिन्यात हजर झाले, आमच्या दारापासून मोजून दोन मीटरवर. डच सुपात चमचा उभा राहतो, फिनिश सुपात राहत नाही. डच लोक त्यात जे जे टाकतात ते फिनिश माणूस टाकणार नाही, पण खाताना मोहरीची चटणी घेईल. पंचवीस मिनिटं ते असे बोलत होते. कित्येक आठवड्यांत निनादशिवाय दुसरं माणूस माझ्याशी समोरासमोर इतका वेळ बोललं नव्हतं. पुढच्या गुरुवारी मी दार आधीच उघडं ठेवलं.

त्यांचा हुकमाचा एक्का होता उपासाची थाळी. फिनिश जेवणातलं अर्धं स्वीडनचं, अर्धं रशियाचं आणि उरलेले बटाटे, असं कुणी म्हटलं, की ते अतिशय गोड आवाजात विचारायचे, आषाढी एकादशीला काय खाता. माणूस बिचारा सांगे: साबुदाण्याची खिचडी. 'छान. साबुदाणा ज्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिथला. मिरची तिथली. शेंगदाणा तिथला. आता सांगा, विठोबा कुठला?' मग ते समोरच्याच्या ताटात दुसरी पोळी वाढायला लावायचे. हरलेल्या माणसाला उपाशी ठेवू नये, असं त्यांचं मत होतं.

खरी ठिणगी पडली ती त्या वर्षी शरद ऋतूत. मंडळाचे सगळे कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर चालले होते आणि लोक कंटाळले होते. तेव्हा उल्काताईंनी 'देशोदेशीचं ताट' काढलं. प्रत्येक घराने एक देश निवडायचा, त्याचं जेवण रांधायचं, ठरलेल्या सहा घरी डबे पोचवायचे आणि मग कॉलवर सगळ्यांनी मिळून चाखायचं. नाव नोंदवायच्या फॉर्ममध्ये तीस देशांची यादी होती. फिनलंड नव्हता. राजदूतांनी विचारलं, तर उल्काताईंनी सांगितलं, की 'स्कँडिनेव्हिया' आहे, त्यात बसतंय की.

त्या रात्री मंडळाच्या सर्व सभासदांना शुद्ध मराठीत एक लांबलचक ईमेल आली. फिनलंड मुळात स्कँडिनेव्हियात येत नाही, भाषासुद्धा वेगळ्या कुळातली आहे, आणि एखाद्याचं ताट दुसऱ्याच्या ताटात ओतण्याचा अधिकार मंडळाच्या घटनेतल्या कोणत्या कलमाने दिला आहे, असा तिचा सूर होता. उल्काताई वकील होत्या, भारतात पंधरा वर्षं वकिली केलेल्या. त्यांनी दोन ओळींत उत्तर दिलं. फिनिश जेवण हे स्वतंत्र जेवण आहे हे सिद्ध करा. निर्णय आक्का देतील. आणि हरलात तर हा विषय मंडळात पुन्हा निघणार नाही.

आक्का म्हणजे उल्काताईंच्या आई. साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि विमानं बंद झाल्यामुळे आठ महिने अडकल्या होत्या. त्यांच्या शब्दापुढे मंडळात कुणी जात नसे. लेकीच्या बाजूने त्या कधीच निकाल देत नाहीत, अशीही ख्याती होती. राजदूतांनी अट मान्य केली. वरच्या मजल्यावर विद्याकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, देवापुढे दिवा लावला. राजदूत हरावेत म्हणून, असं त्यांनी मला पुढे हसत सांगितलं.

राजदूतांनी मला साहाय्यक म्हणून घेतलं, विचारलं वगैरे नाही. शनिवारी शहराबाहेरच्या पवनचक्कीवर राय नावाच्या धान्याचं पीठ मिळायचं. ते आणायला आम्ही सायकलवर जायचो, ते पुढे आणि मी मागे धापा टाकत. मग एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, की आपल्याला चीक हवा. नुकत्याच व्यालेल्या गाईचा. त्याचं फिनलंडच्या उत्तर भागात एक चीज करतात, चपटं, विस्तवासमोर भाजून डाग पाडलेलं, आणि पूर्वी ते चिकाचंच करत. आम्ही तीन गोठ्यांवर गेलो. तिसऱ्या शेतकऱ्याने त्यांना विचारलं, तुमच्याकडे वासरं किती. राजदूत त्यांच्या तोडक्या डचमध्ये म्हणाले, एकही नाही, आम्हीच पिणार आहोत. शेतकऱ्याने आम्हा दोघांकडे बराच वेळ पाहिलं, आत गेला आणि दोन बाटल्या घेऊन आला. पैसे घेतले नाहीत. गोठवून ठेवायच्या त्या बाटल्या घेऊन परतताना मी इतकी हसत होते, की दोनदा सायकलवरून उतरावं लागलं.

डिसेंबरच्या शेवटी राजदूतांना करोना झाला. फार नाही, डॉक्टरीणबाईंनी फोनवर पॅरासिटामॉल घ्या म्हणून सांगितलं, जे इथे पाय मोडला तरी सांगतात. दहा दिवसांनी ते उठले, चहा प्यायले आणि काकूंना म्हणाले, साखर विसरलीस. काकूंनी दोन चमचे घातली होती. त्यांनी लोणचं तोंडात टाकलं, हिंग हुंगला, कॉफीची पूड जिभेवर ठेवली. काहीच नाही. वास नाही, चव नाही. देशोदेशीचं ताट महिन्यावर आलं होतं.

तीन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. त्या गुरुवारी डबाही आला नाही. मी वर गेले. त्या दिवसांत एका घरी दिवसाला एकच पाहुणा चाले, तो हक्क मी वापरला. ते खिडकीशी बसले होते. मी खुर्ची लांब ओढून बसले, आणि काही सुचेना म्हणून विचारलं, की इतकं मनाला का लावून घेता. नाव मागे घेतलं तर उल्काताई काही बोलणार नाहीत.

तेव्हा त्यांनी हिल्काबाईंची गोष्ट सांगितली. फिनलंडमधल्या पहिल्या हिवाळ्यात ते एकटेच होते, काकू अजून यायच्या होत्या. शेजारी हिल्का नावाच्या वयस्क बाई राहायच्या. दर गुरुवारी त्या यांना जेवायला बोलवायच्या. हे मांस खात नाहीत असं कळल्यावर त्यांनी सुपातलं डुकराचं मांस काढून टाकलं, स्वतःच्याही. टेबलावर राईची भाकरीसारखी कडक पोळी, लोणी, सूप, वेलची घातलेला गोड पाव. फार बोलायच्या नाहीत. पण वाढताना दर वेळी एक वाक्य म्हणायच्या: तुमच्या देशात इतकं काय काय असतं, आमच्याकडे मात्र काहीच नाही.

'अकरा वर्षं,' राजदूत म्हणाले. 'ताटात इतकं वाढून बाई माफी मागायची. मला तिच्या भाषेत धड उत्तर देता आलं नाही. आता येतं, तर ती नाही.'

माझं फोनवरचं 'काही नाही, घरीच असते' मला आठवलं. मग मी म्हटलं, जीभ माझी वापरा.

ते वळले. चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. 'विचार कर, मुक्ता. तुझ्या जिभेवर एका राष्ट्राची जबाबदारी येईल.'

मी आयुष्यात फिनलंडला गेलेले नव्हते आणि वर्षापूर्वीपर्यंत तो देश नकाशावर दाखवता आला नसता. पण पुढचे चार आठवडे मी रोज वर जायचे आणि चाखायचे. पहिल्याच दिवशी मी सूप चाखून म्हटलं, छान. त्यांनी पळी खाली ठेवली. 'छान हे उत्तर नव्हे, ती पळवाट आहे. खारट किती? वाटाणा आधी लागतो की मीठ?' आंबवलेलं पीठ चाखून मी आंबट म्हटलं, तर विचारलं, ताकासारखं आंबट की कैरीसारखं, ताक असेल तर एका दिवसाचं की तीन. मी डोळे मिटून विचार करायला लागले. एकदा म्हणाले, 'घाई नको. हिल्काबाई पाच पाच मिनिटं उत्तर द्यायच्या नाहीत.' मी घरी येऊन निनादची आमटी चाखायचे आणि त्याला पाच पाच मिनिटं उत्तर द्यायचे नाही. तो घाबरायला लागला होता.

काकू या सगळ्यापासून लांब होत्या, पण त्यांनाही फार काळ राहवलं नाही. राईच्या पिठाच्या पातळ पारीत दुधात शिजवलेला भात भरून कडा मुडपायच्या, असा एक प्रकार होता. राजदूतांनी मुडपलेल्या कडा पाहून काकू स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. मग आत आल्या, हात धुतले आणि त्यांना बाजूला सारलं. 'हरा नाहीतर जिंका,' त्या म्हणाल्या, 'पण माझ्या घरातून असली मुरड बाहेर जाणार नाही.' त्यांनी करंजीसारखी नाजूक मुरड घालून चाळीस नग केले. राजदूतांनी अगदी हळू सांगितलं, की फिनलंडमध्ये इतकी सुबक नसते. काकूंनी न बघताच विचारलं, मग मोडू का.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर बर्फ. नेदरलँड्समध्ये कित्येक वर्षांत पडला नव्हता असा, गुडघ्याच्या खाली पण घोट्याच्या खूप वर. बस बंद, गाड्या बंद, सायकल अशक्य. उल्काताईंनी ग्रुपवर लिहिलं, की डबे पोचणार नसतील तर कार्यक्रम पुढे ढकलू. राजदूतांनी उत्तर दिलं, 'फिनलंड येत आहे.'

तळघरातल्या अडगळीच्या खोलीतून त्यांनी एक वस्तू बाहेर काढली. खुर्चीला दोन लांब पोलादी पट्ट्या लावाव्यात तशी. हिल्काबाईंची ढकलगाडी, त्या गेल्यावर त्यांच्या मुलाने यांना दिलेली. पुढच्या खुर्चीवर सामान ठेवायचं, मागच्या पट्टीवर एक पाय ठेवायचा आणि दुसऱ्याने ढकलायचं, की ती बर्फावरून सुटते. आम्ही खुर्चीवर सहा घरांचे डबे चादरीत बांधले. राजदूत त्या वेळी छप्पन्न वर्षांचे होते. सायकलींच्या लाल रस्त्यावरून ते कानटोपी घालून असे सुटले, की मी मागून धावत, ओरडत, पडत, उठत. एका घरासमोर बर्फ उकरणारे डच आजोबा फावडं टेकून बघत राहिले आणि आम्ही जवळून गेल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका वळणावर गाडी वळली, राजदूत वळले नाहीत. बर्फात उताणे पडल्या पडल्या त्यांनी आधी डब्यांची चौकशी केली. डबे शाबूत होते. मग ते तसेच पडून हसत राहिले, आणि त्यांच्याकडे बघून मीही शेजारी बसकण मारली. वर्षभरात इतकं हसले नव्हते.

संध्याकाळी कॉलवर चाळीस चौकोन होते. राजदूतांनी घडीचा सदरा घातला होता. भाषण त्यांनी अर्ध्या तासाचं तयार केलं होतं, पण उल्काताईंनी चार मिनिटं दिली. मग आक्का चाखायला बसल्या. वेलचीचा पाव हुंगून त्यांनी मान डोलावली. करंजीच्या मुरडीचा प्रकार खाल्ला, मुरड कुणाची म्हणून विचारलं. काकू कॅमेऱ्यात आल्या आणि लाजल्या. राय म्हणजे मोहरी नव्हे, हे आक्कांना दोनदा समजवावं लागलं. राईच्या पिठाची आणि माल्टची डांबरासारखी काळी खीर त्यांनी एक चमचा घेतली आणि वाटी शांतपणे दूर सारली. 'हे त्यांचं त्यांनाच ऱ्हाऊ दे,' एवढंच म्हणाल्या. राजदूतांचा चेहरा पडला.

मग आक्कांनी भाजलेलं चीज तोंडात टाकलं. चावलं. थांबल्या. आणखी एक तुकडा घेतला. 'आगं, ह्यो तर खरवस,' त्या लेकीला म्हणाल्या.

उल्काताईंनी लगेच मुद्दा उचलला. आई, म्हणजे यात त्यांचं वेगळं काहीच नाही, आपल्याकडेही आहे. आम्ही स्वीडनशी आणि रशियाशी लढायची तयारी केली होती, साताऱ्याशी नाही.

आक्का तिसरा तुकडा चघळत होत्या. 'आपल्याकडं चीक वाफवत्यात,' त्या म्हणाल्या. 'गूळ घालून. ह्यो भाजलाय. चीक समद्या जगात त्योच, गाय त्योच देणार. पण त्यो इस्तवावर धरायचं ज्याच्या मनात आलं, त्याचं त्ये जेवण. आमच्यात कुणाच्या मनात आलं न्हाई.' मग लेकीकडे वळून म्हणाल्या, 'लिही त्यांचं नाव तुझ्या यादीत.'

राजदूतांचा चौकोन रिकामा झाला. कॅमेऱ्यात नुसती खुर्ची दिसत होती. काकूंनी मागून सांगितलं, की ते बाल्कनीत गेले आहेत, येतील. उल्काताई हरण्यातही वकिलीच्या पक्क्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे फॉर्ममध्ये एकतिसावा देश घातला आणि तो सगळ्यांना दाखवला. तसलं चीज उत्तर स्वीडनमध्येही करतात, हे राजदूतांनी मला निकालानंतर दोन दिवसांनी जिन्यात सांगितलं, आवाज खूप खाली आणून.

चव त्यांना मार्चमध्ये थोडी परत आली, पूर्ण कधीच नाही. तोवर मी पवनचक्कीजवळच्या एका बेकरीत अर्जही टाकला होता. तिथल्या बाईंनी पाव चाखायला देऊन कसा वाटतो विचारलं, आणि मी पाच मिनिटं गप्प राहिले. त्या आधी चक्रावल्या, मग मी बोलायला लागल्यावर त्यांनी वही काढली. मी अजून तिथेच आहे.

सगळं जग उघडल्यानंतरच्या उन्हाळ्यात राजदूत आणि काकू पुण्याला परत गेले. लेकीला बाळ झालं होतं. मंडळाने निरोप समारंभ ठरवला, त्याला त्यांनी नको म्हटलं. निघायच्या सकाळी ते दोन बॅगा घेऊन आमच्या दारात आले. मी रडायच्या तयारीत होते. मी विचारलं, काका, आता तरी खरं सांगा, ते जेवण खरंच स्वतंत्र आहे का. त्यांनी दोन्ही बॅगा खाली ठेवल्या. 'माहीत नाही,' ते म्हणाले. 'पण कुणी नाही म्हटलं, की मला फार स्फुरण चढतं.' मग 'बरं' म्हणाले आणि जिना उतरायला लागले. फिनलंडमध्ये निरोप एवढाच घेतात, असं काकू मागून म्हणाल्या, आणि त्यांनी मात्र मला घट्ट मिठी मारली.

दोन महिन्यांनी वरच्या घरात नवे भाडेकरू आले. तरुण जोडपं. लेटरबॉक्सवरचं नाव चक्क फिनिश वाटत होतं. मी रजा काढून भाताच्या सारणाचे डझनभर नग केले, मुरड घातली आणि वर गेले. दार त्या मुलाने उघडलं. तो फिनलंडचाच होता. ताट पाहून त्याला आश्चर्य वाटलं, आनंदही झाला. पण तो संकोचून म्हणाला, की हे त्याने घरी कुणी केलेलं कधी पाहिलं नाही, त्यांच्याकडे गोठवलेले आणत. आणि तसं पाहिलं तर फिनिश जेवण असं काही वेगळं नसतंच, थोडं स्वीडिश, थोडं रशियन, बाकी ते दोघं पिझ्झा खातात.

मी ताट त्याच्या हातात दिलं, जिन्याच्या कठड्याला टेकले आणि सलगमापासून सुरुवात केली. त्याची बायको बाहेर आली, ती पायरीवर बसली. मग तोही बसला. चिकाचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं, कडक पोळीच्या भोकातून दांडा घालून ती छताला कशी टांगत ते सांगितलं. निनाद दोनदा खालून डोकावून गेला. चाळीस मिनिटांनी मी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा ताटात एकच नग उरला होता आणि ती मुलगी माझ्याकडे मोठ्या आदराने बघत होती. तिने विचारलं, तुम्ही फिनलंडमध्ये किती वर्षं राहिलात.

मी म्हटलं, अजून गेलेच नाही.